जुना प्रोसेसर किती पळवावा?



माझी नोकरी लष्करात गेली, गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो. घरी २००८ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू ६६०० हा प्रोसेसर आहे. हा जानेवारी २००७ मध्ये बाजारात आला. चार कोअर, वेग २.४ गिगाहर्ट्झ. आज बोलायचंय ते त्याचा वेग वाढवण्याबद्दल, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगबद्दल. आणि त्यात मी केलेल्या चुकीबद्दल.

आधी साधं गणित. मदरबोर्ड प्रोसेसरला एक ठोका देतो, २६६ मेगाहर्ट्झचा. प्रोसेसर त्याला ९ ने गुणतो. झाले २४००. हा ९ चा आकडा कंपनीने कुलूपबंद केलेला आहे, वर नेता येत नाही. म्हणून बायोसमध्ये जाऊन मूळ ठोकाच वाढवायचा. ३३३ केला की ३०००, ४०० केला की ३६००. पण हा ठोका एकट्या प्रोसेसरचा नाही. त्याच्याबरोबर रॅम आणि मदरबोर्डची मुख्य चिपही पळते. घाटात ट्रकचं इंजिन कितीही दमदार असो, ब्रेक आणि रेडिएटर त्या लायकीचे लागतात, तसंच हे.

दुसरं गणित उष्णतेचं. खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढ्याच व्होल्टेजवर २.४ चे ३ केले, तर वीज साधारण सव्वापट. पण ३.६ साठी माझ्या चिपला व्होल्टेज १.२५ वरून १.४ करावं लागलं. आता १.५ गुणिले १.१२ चा वर्ग करून पाहा. उत्तर जवळजवळ १.९. वेग दीडपट, उष्णता जवळपास दुप्पट!

मी हे जानेवारीत केलं. दहा मिनिटं चाचणी घेतली, मशीन चालू राहिलं, मी खूश.

मी माजी सैनिकांच्या कुटुंबांना पेन्शनच्या कागदपत्रांत मदत करतो. त्यांचे कागद स्कॅन करून, झिप फाइल करून ठेवतो. मे महिना आला. इंदूरच्या उन्हाळ्यात माझ्या खोलीत एसी नाही. पंख्याचा कूलर खोलीच्या हवेपेक्षा चिप थंड करू शकत नाही. हवाच चाळीस अंशांची, तर तो तरी काय करणार? मशीन बंद पडलं नाही. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चालत राहिलं आणि मधूनच चुकीचं गणित करत राहिलं. जूनमध्ये एक झिप उघडायला गेलो, तर फाइल खराब. बॅकअप काढला, तर तो त्याच खराब फाइलीचा.

त्यात एका दिवंगत हवालदाराच्या पत्नीचे कागद होते. मूळ प्रती त्या घेऊन गेल्या होत्या. मी फोन केला. त्या रात्रभर बसचा प्रवास करून पुन्हा आल्या आणि मलाच म्हणाल्या, "साहेब, मशीन जुनं झालं असेल." मशीन जुनं होतं, पण बिचाऱ्याचा दोष नव्हता. ओढूनताणून आणलेलं चंद्रबळ माझं होतं. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

म्हणून माझे नियम ऐका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. आधी मेमटेस्टने रॅम तपासा, मग प्राइम ९५ रात्रभर चालवा. ते आपली उत्तरं माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतं, म्हणून मूक चुका सापडतात. थंडीत पास झालेलं मशीन उन्हाळ्यात पुन्हा तपासा. आणि दुसऱ्याचे कागद ज्या मशीनवर आहेत, त्यावर प्रयोग करू नका.

शेवटची मर्यादा वेगाने ओलांडताच येत नाही. या चिपमध्ये एसएसई ४.२ हा आदेशसंच नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला तो लागतोच. तुम्ही वेग ४ गिगाहर्ट्झ करा, नसलेला आदेश त्यात येणार नाही.

माझं मशीन आज ३ गिगाहर्ट्झवर, मूळ व्होल्टेजवर, लिनक्सवर चालतं. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली. रोजच्या कामात तिचा जेवढा फरक जाणवला, तेवढा ३.६ चा कधीच जाणवला नव्हता. कागदांची कामं आता दुसऱ्या मशीनवर होतात, आणि झिप केली की ती मी लगेच उघडून पाहतो.

जय हिंद.