बियाण्याची मक्तेदारी कशी मोडेल?

(दिंद्रुड, जि. बीड येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



२००२ साली सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. जनुक मोन्सॅन्टोचे, ते इथे आणणारी महिको शेजारच्या जालन्याची. ४५० ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या घरात गेली. त्यातला मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा होता. तरी आपण ती घेतली, कारण फवारण्या वाचत होत्या आणि दुसरे दुकान नव्हते.

संशोधन म्हणजे कोरडवाहू पेरणी. दहा ठिकाणी टाकावे, एखादे उगवावे. ज्याचे उगवले त्याने दोन पैसे जास्त घेतले, तर आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती इतरांच्या पेरणीला घातलेल्या कुंपणाची.

पेरणी इतरांनीही केली. २००६ साली मराठवाड्यातल्याच नाथ सीड्सला चिनी जनुकाची परवानगी मिळाली; पण त्याच वर्षी मोन्सॅन्टोचे दोन जनुकांचे बियाणे आले आणि बाजार त्याचाच झाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर 'बिकानेरी नरमा बीटी' काढले. घरचे बी पुन्हा पेरता येईल असे ते सरळ वाण. २००९ साली ते शेतात आले, पण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक सापडले आणि विक्री थांबली.

सरकारने काय केले? भाव बांधले. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, पिशवी ७५० वर आली. २०१६ पासून केंद्राने शुल्क बांधले, २०२० साली शून्यावर आणले. पिशवी स्वस्त झाली, पण मधल्या काळात गुलाबी बोंडअळी बीटीला पचवून बसली. २०१७ साली आपल्या जिल्ह्यातली बोंडे तिने पोखरली. स्वस्त पिशवीने ती मरत नाही.

जुन्या मालावर ज्याचा गल्ला भरतो, त्याला नव्याची घाई नसते. घाई बाहेरच्याला असते. पण चाचण्यांची परवानगी वर्षानुवर्षे अडकली की मोठी कंपनी थांबू शकते, छोटी बुडते. सरकारी लाल फीत ही मक्तेदाराचीच राखण करते. पुढचे दार बंद म्हणून तणनाशक सहन करणारे बियाणे मागच्या दाराने, बिनपावतीचे आले. उगवले नाही तर दाद कुठे मागणार? म्हणूनच १० जून २०१९ रोजी अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला.

आमची मागणी साधी आहे. परभणीचे विद्यापीठ असो, छोटी कंपनी असो की परदेशी, चाचणी सर्वांना एकच, निकाल ठरलेल्या मुदतीत आणि जाहीर. मग कोणते बियाणे पेरायचे ते आम्ही ठरवू. सूट-सबसिडी नको, निवडीचे स्वातंत्र्य द्या.