मी ऐकलेला बेंजो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाईंनी विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "बेंजोवर." त्या हसल्या. मी कुरडया-पापडांवर बोलेन असे त्यांना वाटले असावे. तुम्हीही हसलात तरी माझी हरकत नाही. पण शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढी विनंती आहे.

बेंजो म्हटला की आपल्याला वरात आठवते. टेम्पोवर कर्णे बांधलेले, पुढे पोरे नाचतात आणि मागून आपण कानांत बोटे घालून चालतो. गोठ्यातली जनावरे त्या आवाजाने दावी तोडू पाहतात. मीही इतकी वर्षे हेच म्हणत आले, की हे वाद्य नव्हे, कालवा आहे.

आता हे वाद्य आहे तरी काय, ते सांगते. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातल्या लहानशा तुकड्याने तार छेडायची. माझा भाचा पुण्यास शिकतो. त्याने मला माहिती काढून दिली, की ही पेटी मूळची जपानची. नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी ती १९१२ साली तयार केली. तिकडे तिला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे ती आली तेव्हा कोणी तिला बुलबुलतरंग म्हटले, कोणी बेंजो. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो ह्याच वाद्याच्या वादकांवर.

नावाने जो खरा बँजो, तो निराळाच. तो अमेरिकेतला. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी तो तिकडे घडवला. भोपळ्याला कातडे ताणायचे, दांडी बसवायची आणि तारा लावायच्या. मी हे ऐकले आणि मला आपले तुणतुणे आठवले. त्यालाही खाली कातडेच आणि वर एक तार! गरिबाच्या घरी जे सापडते त्याचेच वाद्य होते, मग देश कोणताही असो.

त्या बँजोचीही भावंडे आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे बँजोंचे ताफे असत. त्यांत एक थोरला असे, त्याचे नाव चेलो बँजो. तो नेहमीच्या बँजोपेक्षा एका सप्तकाने खाली, खर्जात बोलतो. भाच्याने मोबाईलवर तो ऐकवला. घरातले म्हातारे माणूस ओसरीवर बसून हळू बोलावे, तसा तो आवाज. बेला फ्लेक नावाचे त्या देशातले मोठे बँजोवादक आहेत. त्यांना आपले झाकीर हुसेन आणि बासरीवाले राकेश चौरसिया यांच्याबरोबर २०२४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्याला आपण कालवा म्हणतो त्याच्या नावभावाला जगाने पाटावर बसवले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगणे मला जड जाते आहे.

माझे लग्न होऊन मी कवठ्यास आले तेव्हा धाकटे दीर शाळेत होते. त्यांना बेंजोचे वेड. उन्हाळाभर कांद्याच्या रोजावर जाऊन त्यांनी जुना बेंजो विकत घेतला. रात्री ते माळवदावर बसून वाजवत. सासऱ्यांना ते आवडत नसे. "वाजवणाऱ्यांच्या पंगतीला बसायचंय का तुला?" असे ते म्हणत. आपले गाव खरे तर कलेचे. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर ह्याच गावचे. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी वग लिहिले, गाणी लिहिली. शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. गावाला त्यांचा अभिमान आहे, आणि तो असावाच. पण दुसऱ्याच्या घरचा कलावंत मिरवायला बरा वाटतो, आपल्या घरात मात्र तो नको असतो.

पुढे दीर भोसरीस कारखान्यात लागले. बेंजो माळ्यावर राहिला. एका दिवाळीला मी घर काढले. दारात भंगारवाला आला. तारा गंजलेल्या, दोन बटणे निखळलेली. मी तो बेंजो पत्र्याच्या डब्यांबरोबर तराजूत घातला. किती पैसे आले तेही आठवत नाही. कोणाला विचारले नाही. मला कोणी तसे करायला सांगितलेही नव्हते. सासऱ्यांवर ढकलता येईल, पण ते खरे होणार नाही.

दीर सणाला आले. माळ्यावर जाऊन खाली उतरले. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. तेव्हापासून एक गोष्ट मी पाहात आले. जेवताना त्यांच्या डाव्या हाताची बोटे ताटाच्या कडेवर चालत. एसटीची वाट पाहताना पिशवीवर चालत. मी जाऊबाईंना हसून म्हणे, "ह्यांच्या बोटांना काय मुंग्या येतात का?"

गेल्याच्या गेल्या वर्षी आम्ही नात्यातल्या हळदीला मलठणला गेलो होतो. संध्याकाळी वीज गेली. बेंजोपार्टीचा टेम्पो वाटेत बंद पडला. ढोलकी, ताशा, कर्णे सगळे त्यात. एकटे बेंजोवाले तेवढे मोटारसायकलवर वाद्य मांडीवर धरून पोचले. पन्नाशीचे गृहस्थ, अंगात साधा सदरा. यजमान म्हणाले, "आता काय करायचं?" ते म्हणाले, "पडवीत सतरंजी टाका. आहे तेवढ्यात वाजवतो."

कंदिलाच्या उजेडात ते बसले. कर्ण्याविना बेंजोचा आवाज केवढासा असतो! आम्ही बायका हळदीच्या हातांनीच पुढे सरकलो. मुले आपोआप गप्प झाली. आधी त्यांनी देवीच्या गोंधळाची चाल वाजवली. मग एक जुनी लावणी, अगदी सावकाश. तार छेडली की तिचा आवाज लगेच विरतो. म्हणून सूर लांबवायचा असला की ते उजवा हात इतका भरभर हलवत, की तार थांबलीच नाही असे वाटे. बटणांची टकटकही ऐकू येत होती. वरातीत ती कधी ऐकली होती का आपण? शेवटी त्यांनी जे वाजवले त्याला शब्द नव्हते. नवरीची आजी जवळ बसली होती, ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बाई गं, ह्या पेटीत एवढं होतं?"

मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहात होते. एक बोट पुढे, दोन मागे, मग अंगठा आत. ती चाल मला ओळखीची वाटली. आणि एकदम ध्यानात आले, ही तर ताटाच्या कडेवरची बोटे! माझे दीर इतकी वर्षे वाजवतच होते. फक्त हाताखाली वाद्य नव्हते. ते मी तराजूत घातले होते.

त्या रात्री मला घास गेला नाही. पुढच्या सणाला दीर आले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही विचारलं असतंत तर मीच देऊन टाकला असता." मैत्रिणींनो, ते माझे मन राखण्यासाठी बोलले, हे मला कळते. माणूस चांगला असला की आपली चूक लहान होत नाही, उलट मोठी दिसते.

दुधाच्या पैशांतून मी थोडे थोडे बाजूला काढले. त्या बेंजोवाल्या दादांकडूनच एक जुना बेंजो मिळाला. दीर म्हणाले, "आता माझी बोटं जड झाली." पण त्यांची मुलगी सुट्टीत आली की ती बसते. एक चाल तिला येते, तीही मध्येच अडखळते. अडखळली की दीर स्वयंपाकघराच्या दारातून ताटावर बोट मारून पुढचा सूर दाखवतात. सासरे आता थकले आहेत. तेही ऐकतात, काही म्हणत नाहीत.

आपल्या मंडळाकडे माझे दोन शब्द आहेत. घर काढताना गंजलेली, मोडकी वस्तू हाती लागली तर फेकण्याआधी ती कोणाची आहे ते विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. दुसरे असे, की पुढच्या हळदीकुंकवाला त्या दादांना बोलवावे, योग्य ते मानधन देऊन, आणि कर्णे न लावता. पोरीबाळींना पुढे बसवावे. वाजवणाऱ्याची बोटे त्यांनी जवळून पाहावीत. त्यातली एखादी म्हणाली, "मला शिकायचंय," तर तिला कोणी हसू नये.