नॉर्दर्न लीग : हौशी फुटबॉलची एक साखळी



या व्यासपीठावर फुटबॉलचा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. येथे आपण संतवाङ्मय ऐकता, अर्थकारण ऐकता, इतिहास ऐकता. त्या पंक्तीला चिखलाने भरलेले बूट घालून कोणी बसावे काय? पण खेळ ही देखील समाजाने आपल्या हातांनी उभी केलेली संस्था आहे. संस्था कशी जन्मते, कशी टिकते आणि कोठे चुकते, हे खेळाच्या मैदानावर जितके उघड दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. म्हणून आज आम्ही इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातील एका हौशी साखळी स्पर्धेची हकीकत आपल्यापुढे ठेवणार आहोत. तिचे नाव नॉर्दर्न लीग. आज चालू असलेल्या फुटबॉलच्या साखळी स्पर्धांत जुनेपणाच्या दृष्टीने तिचा क्रमांक जगात दुसरा सांगतात.

आधी साखळी म्हणजे काय, ते पाहू. फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात सामने दोन प्रकारचे असत. एक चषकाचे, ज्यात हरला तो घरी गेला. आणि दुसरे मैत्रीचे, ज्यात दोन संघांच्या चिटणिसांनी पत्रोपत्री दिवस ठरवायचा. या दुसऱ्या प्रकारात भरवसा नसे. अधिक नामांकित संघाचे बोलावणे आले की आधीचा सामना खुशाल रद्द होई, आणि तिकिटासाठी पैसे घेऊन आलेली मंडळी रिकाम्या मैदानाकडे पाहून परत जात. हा घोळ मिटवण्यासाठी १८८८ साली विल्यम मॅक्ग्रेगर या बर्मिंगहॅमच्या कापडदुकानदाराच्या पुढाकाराने १२ संघांनी फुटबॉल लीग काढली. हा गृहस्थ ॲस्टन व्हिला संघाचा कारभारी होता. त्याची कल्पना साधी होती. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या गावी आणि एकदा त्याच्या. तारखा आधी ठरवायच्या आणि पाळायच्या.

पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, डरहॅम गावी १० संघ एकत्र आले आणि नॉर्दर्न लीग स्थापन झाली. दहा संघ म्हणजे प्रत्येकाचे अठरा सामने आणि हंगामात एकूण नव्वद. हा हिशेब शाळकरी पोरही करील. पण ते नव्वद दिवस पाळायचे म्हणजे मैदान तयार हवे, पंच हवा, पाहुण्यांच्या गाडीभाड्याची तजवीज हवी, आणि आपला संघ तळाला गेला असला तरी शेवटच्या सामन्याला अकरा गडी घेऊन जाण्याची लाज हवी. साखळी म्हणजे एकमेकांना दिलेला शब्द आहे. गुणांचा तक्ता त्यानंतर येतो.

त्या पहिल्या दहांत मिडल्सबरो होते, स्टॉकटन होते, आणि पुढे न्यूकॅसल युनायटेड झालेला न्यूकॅसल ईस्ट एंड हा संघही होता. पहिले विजेतेपद मात्र डार्लिंग्टनच्या सेंट ऑगस्टिन्स संघाने नेले. आरंभी या साखळीत हौशी आणि धंदेवाईक दोन्ही प्रकारचे संघ होते. मोठ्या शहरांतले संघ पुढे पैशाच्या खेळाकडे गेले. मागे राहिली ती मुख्यतः डरहॅमच्या कोळशाच्या खाणींभोवतालची लहान गावे, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही साखळी केवळ हौशी संघांची झाली.

या लहान गावांनी काय करून दाखवले, ते ऐकण्यासारखे आहे. १९०९ मध्ये सर टॉमस लिप्टन या चहाच्या व्यापाऱ्याच्या नावाचा चषक ट्यूरिन येथे ठेवला गेला. तेथे इंग्लंडतर्फे वेस्ट ऑकलंड नावाच्या खाणगावचा संघ गेला. त्या खाणकामगारांनी अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूर संघाला हरवले. १९११ साली पुन्हा जाऊन त्यांनी युव्हेंटस संघाला ६-१ असे हरवले आणि दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा घरी आणला. पण प्रवासाच्या खर्चाने संघ कर्जात बुडाला होता. तो चषक गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला, आणि सोडवून आणायला १९६० साल उजाडले. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. या गावाने ते मोल अर्धशतक फेडले.

दुसरे गाव बिशप ऑकलंड. हौशी संघांसाठी इंग्लंडात जो अखिल देशाचा चषक होता, तो या गावाने दहा वेळा जिंकला. त्यांपैकी तीन वेळा लागोपाठ, १९५५, १९५६ आणि १९५७ मध्ये. त्याच्या आधीच्या वर्षी, १९५४ साली, अंतिम सामन्यात त्याची गाठ पडली क्रुक टाउनशी. ही दोन गावे एकमेकांपासून पाच-सहा मैलांवर, दोन्ही नॉर्दर्न लीगमधली. वेम्बलीच्या मैदानावर एक लाख प्रेक्षक जमले आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. न्यूकॅसलला पुन्हा खेळले, पुन्हा २-२. अखेर मिडल्सबरो येथे तिसऱ्या खेपेस क्रुकने एका गोलाने बाजी मारली. आपल्याकडे शेजारच्या दोन गावांच्या जत्रेतील कुस्ती लाखाच्या गर्दीपुढे तीनदा लढवली जावी, तसाच हा प्रकार.

आता या चित्राची दुसरी बाजू. ती लपवून आम्ही पुढे गेलो तर आमचे व्याख्यान भाटगिरी ठरेल.

हौशी खेळाडूने खेळाबद्दल पैसा घ्यायचा नाही, प्रत्यक्ष झालेला खर्च तेवढा घ्यायचा, असा नियम होता. हा नियम ज्यांनी घडवला ते बहुतेक खाऊनपिऊन सुखी असलेले सद्‌गृहस्थ होते. शनिवारची मजुरी बुडाली तर घरी चूल कशी पेटेल, हा प्रश्न त्यांना पडलेला नव्हता. खाणीतल्या गड्याला तो पडत होता, आणि चांगला गडी हातचा जाऊ नये ही चिंता संघाच्या कारभाऱ्यांना होती. तेव्हा सामना संपल्यावर बुटात हळूच नोटा ठेवण्याची चाल पडली. सर्वांना ठाऊक, आणि कागदोपत्री कोणालाच ठाऊक नाही! १९२८ साली क्रुकच्या प्रकरणात हे भांडे फुटले. एका संघाची चौकशी सुरू झाली, तिचे धागे इतर संघांपर्यंत पोहोचले, आणि डरहॅम परगण्यातील तीनशेहून अधिक खेळाडूंवर कारवाई झाली. पण चाल थांबली नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडात धंदेवाईक खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. त्यामुळे नोकरी सांभाळून बुटातले पैसे घेणारा हौशी गडी कधी कधी धंदेवाईकापेक्षा बरा राही.

याचा अर्थ सगळेच ढोंगी होते असा नव्हे. १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मरण पावले, तेव्हा बिशप ऑकलंडचे तीन हौशी खेळाडू त्या संघाच्या मदतीला गेले. त्यांतला वॉरन ब्रॅडली पेशाने शिक्षक. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळला. खरी हौस आणि खोटे हिशेब एकाच गावात, कित्येकदा एकाच माणसाच्या ठायी नांदत होते.

शेवटी १९७४ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हौशी आणि धंदेवाईक हा भेदच पुसून टाकला. सगळे नुसते खेळाडू झाले. हौशी चषकही त्याच वर्षी संपला. आता नॉर्दर्न लीग मोडणार, असे कोणालाही वाटावे. ती मोडली नाही. १९७८ मध्ये तिच्यातल्या ब्लाइथ स्पार्टन्स संघाने स्टोक सिटीला हरवून एफ. ए. चषकाची पाचवी फेरी गाठली, आणि रेक्सहॅमविरुद्धचा फेरसामना पाहायला बेचाळीस हजार माणसे न्यूकॅसलला लोटली.

पण अभिमानाची किंमतही पडली. देशातल्या सर्व साखळ्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक जोडण्याची योजना आली, तेव्हा या लीगने आमंत्रणे नाकारली. आम्ही जुने, आम्ही कोणाच्या खाली का बसावे, हा भाव होता. परिणाम असा झाला की बिशप ऑकलंडसारखे जुने सदस्यच बाहेर पडले. १९९१ मध्ये ती अखेर या रचनेत सामील झाली, आणि आज तिचे दोन विभाग नवव्या आणि दहाव्या पायरीवर आहेत. पहिल्यातला विजेता वर जातो, तळाचे खाली येतात. या पायरीवरच्या संघांसाठी एफ. ए. व्हाज नावाचा चषक आहे. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत तो आठ वेळा नॉर्दर्न लीगच्या संघांनी जिंकला. डरहॅमच्या खाणी गेल्या शतकाच्या अखेरीस बंद झाल्या. ज्या खाणींनी ही गावे वसवली त्या गेल्या, आणि शनिवारी दुपारी दार उघडणारे, चहा करणारे, रेघा मारणारे लोक राहिले.

आपल्या कोल्हापुरातही तालमींचे आणि पेठांचे संघ साखळी सामने खेळतात, आणि शाहू स्टेडियमवर गर्दी होते. तेव्हा ही हकीकत आपल्याला परकी नाही. तिच्यातून आम्ही घेतला तो धडा एवढाच: पैशाने या साखळीचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक नुकसान पैशाविषयीच्या खोटेपणाने केले. गरीब घरच्या पोराला खेळासाठी काही द्यायचे असेल, तर ते चारचौघांत, वहीत लिहून द्यावे. आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मैदानावर, अकरा गडी घेऊन हजर राहावे. एवढे ज्या गावाला साधते, त्या गावाची साखळी कोणत्याही पायरीवर असली तरी तुटत नाही.