भीती तयार कशी होते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनी हळदीकुंकू व्हावे, मुलांचे कौतुक व्हावे आणि एखादीने चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, असा आपला रिवाज आहे. यंदा ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले. विषय ऐकून काहीजणी पदराआड हसतील, कारण मी बोलणार आहे भुताच्या सिनेमावर. आणि तेही त्याच्या पहिल्या दोन मिनिटांवर.

आपल्या भागातील काही कॉलेजात जाणाऱ्या मुलींना अभ्यासाचा भाग म्हणून भयपटाची नुसती सुरुवात तयार करावयाची होती. सारी गोष्ट सांगावयाची नाही, शेवट दाखवावयाचा नाही. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहिला की काम झाले. मुलींना हा भुताखेतांचा नाद कशाला, आणि दिवेलागणीनंतर मोबाईल हाती कशाला, अशी कुरकुर घरोघर झाली. ती मायेपोटीच होती. पण त्या मुली काय शिकल्या, ते आपण एकदा शांतपणे पाहू या.

पहिला धडा उजेडाचा. भुताचे चित्र म्हणून त्यांनी सगळे दिवे मालवून चित्रण केले, तर पडद्यावर नुसती रवाळ धूळ दिसली. उजेड कमी पडला की मोबाईल आपणहून चित्र उजळू पाहतो आणि त्या खटाटोपात चित्रावर दाणे उमटतात. मग त्यांनी एक दिवा कोपऱ्यात ठेवला, मोबाईलची उजेड कमीजास्त करण्याची सोय एका जागी पक्की केली, आणि भिंतीवर हवी तेवढीच सावली पाडली. अंधारसुद्धा रांगोळीसारखा बेताने घालावा लागतो, हे त्यांना कळले.

दुसरा धडा आवाजाचा. वाळक्या कडब्याची ताटे मोबाईलजवळ धरून मोडली की हाडे मोडल्याचा भास होतो. कुरकुरणाऱ्या बिजागरीचा आवाज जवळून निराळा घेऊन मागाहून जोडला की साधे दार भयाण वाटते.

तिसरा धडा जोडकामाचा. रिकामा पाळणा हलतो आहे, हे तीन सेकंद दाखविले तर कोणाला काही वाटत नाही. आठ सेकंद दाखविले की जीव घाबरा होतो. एका सेकंदात पंचवीस-तीस चित्रे सरकतात. त्यांतली कोणती ठेवावी आणि कोणती कापावी, यावर सारा खेळ.

हे ज्ञान नुसत्या पुस्तकाने आले नसते. आपल्या विट्याच्या गलाई बांधवांनी देशभर नाव काढले. मुशीत सोने कधी वितळले, तेजाब किती घालावे, हे पोरगे भट्टीशेजारी बसूनच शिकते. यंत्राचेही तसेच. हाती नेमके काम असले म्हणजे यंत्र वश होते; काम नसले म्हणजे यंत्रच माणसाला वश करते.

आणि यंत्र हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणत असेल, तर त्यांना सरस्वतीबाई फाळके यांचे नाव सांगावे. १९१२ साली दादासाहेबांनी विलायतेहून कॅमेरा आणविला. त्या उद्योगाच्या पैशासाठी बाईंचे दागिने गेले. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोके पाडणे, फिल्म रसायनात धुणे, ही कामे त्या शिकल्या, आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना, म्हणून ते अण्णा साळुंके यांनी केले. पडद्यावर बाई नव्हती. पडद्यामागे यंत्रावर मात्र बाईचा हात होता.

भीतीचे म्हणाल तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात वाढलेल्या ‘प्रभात’चे उदाहरण आहे. शांतारामबापू १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आले. प्रभात कंपनी पुण्यास गेल्यावर १९३४ साली त्यांनी ‘अमृतमंथन’ काढला. त्याची सुरुवात चंडिकेच्या देवळात होते. बळी बंद करणाऱ्या राजाविरुद्ध राजगुरू कट रचतो आहे, आणि टेलिफोटो भिंगातून त्याचा एक डोळा साऱ्या पडद्यावर येतो. नवे भिंग कसे वापरावे, हे त्या मंडळींनी एका भयंकर डोळ्याच्या निमित्ताने देशाला दाखविले. आणि गंमत अशी, की तो राजगुरूही लोकांवर सत्ता गाजवितो ती भीती दाखवूनच.

भगिनींनो, येथे मी मूळ मुद्द्यावर येते. भीती दाखवून माणसे हाकणारे आजही आहेत, आणि त्यांचे देऊळ आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये आहे. २०१८ साली मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा गावोगाव फिरत होत्या. त्या दिवसांत देशभर एक चित्रफीत पसरली होती. मोटारसायकलवरचे दोघे एका मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मुळात ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडतात, तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. आणि त्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसे ठार मारली. त्यांतली बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा भागातली होती, भिक्षेसाठी हिंडणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. त्यांच्याही घरी बायकामुले वाट पाहत होती.

आता सांगा, जिने स्वतःच्या हाताने पाळण्याचे आठ सेकंद ठेवले आणि पुढचे कापले, ती असली चित्रफीत पाहून लगेच घाबरेल काय? ती आधी विचारील, याच्या आधी काय होते? नंतर काय होते? हा आवाज याच जागेचा आहे की मागाहून चिकटविला आहे? कोणत्या गावचे, कोणत्या साली? भीती तयार कशी होते हे जिला कळले, तिला भिवविणे सोपे नाही.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पहिली, मुलींच्या हातून मोबाईल काढून घेण्याआधी ‘काय पाहतेस?’ याबरोबर ‘काय तयार केलेस?’ असेही विचारा. बसून पाहा, रात्रीचे काम असेल तर घरातल्या कोणी सोबत करा, पण काम थांबवू नका. दुसरी, आठवड्यातून एक तास मंडळाच्या खोलीत या मुलींनी आपल्याला शिकवावे. चित्र कसे घ्यावे, कसे कापावे, आणि पुढे पाठविण्याआधी कसे पारखावे. आपण त्यांना पापड लाटावयास शिकविले. त्यांनी आपल्याला हे शिकविण्यात कमीपणा कसला?

मुलींची ती दोन मिनिटे आता जेवणानंतर दाखविणार आहेत. ज्यांना भीती वाटेल त्यांनी शेजारणीचा हात धरावा, आणि दिवे लागल्यावर मुलींना विचारावे, ‘हे केले कसे?’ त्या आनंदाने सांगतील.