झोपेआधीचा हत्ती



रात्रीचे साडेनऊ वाजले की आमच्या घरात एक छोटीशी मिरवणूक निघते. पुढे माझी चार वर्षांची नात, तिच्या काखेत दोन-तीन पातळ पुस्तकं, आणि मागे चष्मा शोधत मी. पुस्तकांत कधी ससा असतो, कधी अस्वल. हत्ती मात्र रोज लागतो. तो नसला तर झोप येत नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. पहिल्या रात्री त्याच आवाजात मी हत्तीची गोष्ट वाचली. हत्ती चीत्कारला आणि नात ताडकन उठून बसली ती साडेअकरापर्यंत जागीच. मुलगी दारातून म्हणाली, "अब्बा, ये मुशायरा नहीं है!"

तेव्हा कळलं की हा वाचनाचा वेगळाच प्रकार आहे. इथे दाद मिळवायची नसते, ऐकणाऱ्याला झोपवायचं असतं. अशा पुस्तकाच्या एका पानावर एक-दोनच वाक्यं असतात. चित्र मोठं, रंग निवळलेले. एखादं वाक्य ध्रुवपदासारखं पुन्हा पुन्हा येतं. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही. शेवटी सगळे आपापल्या घरी पोचतात. अमेरिकेत 1947 साली मार्गारेट वाइज ब्राऊन यांचं 'गुडनाइट मून' निघालं. त्यात सशाचं एक पिल्लू खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतं आणि चित्रांतली खोली हळूहळू अंधारत जाते. बस्स, एवढंच. पण तेवढं पुरतं.

आपल्याकडे प्राण्यांच्या गोष्टींना काय तोटा! पंचतंत्र इथलंच. सहाव्या शतकात ते इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं. आमच्या अम्मीकडे त्यातल्या गोष्टींचं गाठोडं होतं. पण त्यातला सिंह शेवटी आपल्या मित्राला, बैलाला, मारतो. ही शहाणपणाची गोष्ट आहे, दिवसा सांगावी. आपल्या चिऊकाऊचंही तसंच. भर पावसात दाराबाहेर भिजणाऱ्या कावळ्यापाशी मी आलो की नात विचारते, "चिऊ दार का उघडत नाही?" हा प्रश्न घेऊन मूल कसं झोपणार?

मग मला अजिंठा आठवला. आमच्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, 17 क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातली एक जातककथा रंगवलेली आहे. आंधळ्या आईला सांभाळणारा एक हत्ती असतो. राजाची माणसं त्याला पकडून नेतात. राजवाड्यात समोर चारा पडलेला असतो, पण तो तोंड लावत नाही. राजा कारण विचारतो. कळल्यावर त्याला सोडून देतो. हत्ती आईजवळ परत येतो. कुणी मरत नाही, कुणाला शिक्षा होत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी कुणा चित्रकारानं दिव्याच्या उजेडात हे मायेचं पुस्तक भिंतीवर काढून ठेवलं आणि आपण ते शाळेच्या सहलीत धावत धावत पाहतो.

माझ्या लहानपणी, तेव्हाच्या औरंगाबादेत, चित्रांचं पुस्तक म्हणजे चैन होती. शाळेतल्या प्रदर्शनात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं स्वस्तात मिळायची. त्यातलं एक अब्बांनी घेऊन दिलं. त्यातलं अस्वल मला अजून आठवतं. आज विचार करताना वाटतं, ते अस्वल मला इतकं आपलं का वाटलं? मराठी शाळेत जाणाऱ्या मला पाठ्यपुस्तकांतल्या घरांत माझी अम्मी क्वचितच भेटायची, आणि आमच्या दस्तरखानाचं चित्र तर कधी दिसलंच नाही. अस्वलाला मात्र जात-पात नव्हती, गल्ली नव्हती. ते जितकं वर्गातल्या इतरांचं, तितकंच माझं होतं.

पुढे मराठीत चित्रं-पुस्तकं पुष्कळ सुधारली. माधुरी पुरंदरे यांनी मुलांना त्यांची घरं, शाळा, गल्ल्या दाखवल्या. 2014 साली साहित्य अकादमीनं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. तरी माझ्या नातीच्या घरासारखं घर अजून मराठी पुस्तकात अवचितच दिसतं. प्राण्यांवर किती काळ भागवायचं? ही तक्रार म्हणा हवं तर. लिहिणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा ती माझ्यावरही आहे.

आमच्या घरात आणखी एक पेच होता. मी मराठीत वाचतो, जावयाला वाटतं पोरीनं आधी उर्दू शिकावी. मला राग आला नाही, अम्मी आठवली. तिला फक्त उर्दू लिपी येत होती. माझा पहिला संग्रह तिनं हातात घेतला, पानावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "इसमें मैं हूँ क्या?" होती. पण तिला ते स्वतः वाचता आलं नाही.

म्हणून मी हत्तीच्या त्याच पुस्तकाच्या दोन प्रती आणल्या, एक मराठी आणि एक उर्दू. नॅशनल बुक ट्रस्टसारख्या संस्था एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत काढतात, ही केवढी सोय! आता एक रात्र माझी, एक रात्र जावयाची. आमच्याच शहरात 2021 साली एका शाळकरी मुलीनं मोहल्ला लायब्ररी सुरू केली. मग गल्लोगल्ली तशी वाचनालयं उभी राहिली. तिथेही दोन्ही लिपींच्या पुस्तकांनी शेजारी बसावं, एवढंच मागणं आहे.

परवा नातीनं दोन्ही प्रती शेजारी मांडल्या. चित्र एकच, हत्तीचं तोंड उजवीकडे. मराठी पुस्तकाची पानं जिकडे जातात, तिकडेच हत्ती चाललेला. उर्दू पुस्तक मात्र दुसऱ्या बाजूनं उघडतं, म्हणून त्यात तोच हत्ती मागल्या पानाकडे निघालेला. तिनं बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "नाना, उसमें हत्ती घूमने जारा. इसमें घर को वापस आरा."

मी दिवा मालवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)