आपणही मालकच
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



कामगार कायद्यावर मी बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, आपल्यात कारखानदार आहे कोण? पण बीडच्या माणसाला हा विषय लांबचा नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' म्हणून ऊसतोडीला जाते. उचल जोडीची, व्यवहार बहुधा नवऱ्याशी. एक दिवस काम बुडालं की खाडा, अन् खाड्याचा दंड. मग पाळीचा त्रास असो की बाळंतपण. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक होती, पण खाड्याची भीती त्यात होतीच. खाड्याचा नियम बाई-पुरुष दोघांना सारखाच. भार मात्र बाईच्या अंगावर. भेदभाव बहुतेक वेळा असाच शिरतो.

आता आपल्या घरी या. धुणीभांडी करणाऱ्या मावशी आल्या नाहीत तर आपण पगारातून काय कापतो? खाडाच! शब्दसुद्धा तोच.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण मानतो. मावशींना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. सोसायटीच्या झाडूवाल्या ताईंनाही तिथंच जाता येतं, कारण दहापेक्षा कमी कामगार असतील तिथं वेगळी अंतर्गत समिती लागत नाही. हे त्यांना सांगणार कोण? आपणच. गेटवर फलक लावू. समान कामाला समान वेतन हे तर १९७६ पासून कायद्यात आहे. तरी जिना झाडणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी पैसे देताना आपल्याला काही वाटत नाही. अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमाने संपवली, पण कामाला ठेवताना आडनाव विचारणं अन् ओट्याखालचा वेगळा कप अजून आहेच. कुणाच्या घरात, ते मी विचारत नाही.

घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. मावशींची तिथं नोंदणी करून द्यायला आपला एखादा दुपारचा वेळ जाईल, एवढंच.

संचालक मंडळाने पुढच्या सभेत दोन विषय घ्यावेत. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या सगळ्या घरांनी मान्य करायच्या. आणि जिन्याखालचा संडास उघडायचा. मावशी सकाळी सातपासून पाच घरं करतात, अन् त्याला कुलूप असतं.