जिभेचा लगाम

बायबलच्या नव्या करारात याकोबाचे म्हणून ओळखले जाणारे एक छोटेखानी पत्र आहे. अवघे ५ अध्याय आणि १०८ वचने. गहन तत्त्वचर्चा त्यात फारशी नाही; चमत्कारांच्या कथाही नाहीत. माणसाने वागावे कसे आणि बोलावे कसे, एवढीच त्याच्या कर्त्याला तळमळ आहे, आणि हे दोन प्रश्न त्याने कधी वेगळे मानलेच नाहीत. घोडा, गलबत, वणवा, झरा असे साध्या माणसाच्या नित्य परिचयाचे दाखले घेऊन तो जिभेचे सामर्थ्य समजावून देतो. लगाम केवढासा, पण त्याने सारे जनावर वळते; सुकाणू केवढे, पण त्याच्या आधारे तारू वाऱ्यातही दिशा धरते. जीभ हा अवयवही असाच लहान, आणि सांभाळला नाही तर ठिणगीसारखा रान पेटवणारा.

'उचलली जीभ लावली टाळ्याला' असे आपण वाचाळ माणसाला सहज म्हणतो. याकोबाचा रोख मात्र केवळ वाचाळतेवर नाही. ज्या तोंडाने ईश्वराचे स्तवन करायचे, त्याच तोंडाने त्याने निर्मिलेल्या माणसाला शाप द्यायचे, ही विसंगती त्याला असह्य होते. परंतु त्याची दुसरी तक्रार अधिक बोचणारी आहे. दारी आलेल्या उघड्या, उपाशी माणसाला गोड शब्दांत शुभ चिंतायचे आणि हाती काहीच ठेवायचे नाही, अशा बोलण्याचा उपयोग काय, असे तो विचारतो. म्हणजे कटू शब्द जसा दोषास्पद, तसा पोकळ गोड शब्दही दोषास्पदच. शहाणा कोण, याचे त्याचे उत्तरही याच विचारातून निघते. ज्याचे शहाणपण त्याच्या आचरणातून आणि नम्रतेतून दिसते, तो शहाणा.

श्रद्धेनेच मनुष्य तरतो असे प्रतिपादन करणाऱ्या मार्टिन लूथरला कृतीवर एवढा भर देणारे हे पत्र रुचले नाही. १५२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताची उपमा दिली. तरीही त्याने ते ग्रंथातून वगळले नाही, आणि पुढे त्यातील शिकवण अक्षरशः आचरू पाहणारी माणसे निघालीच.

सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशातून क्वेकर पंथ उदयास आला. येशूने डोंगरावरील प्रवचनात आणि याकोबाने आपल्या पत्रात शपथ वाहू नये असे सांगितले आहे. म्हणून हे लोक न्यायालयातही शपथ घेईनात. शपथ घेतल्यावर तेवढे खरे बोलायचे, तर एरवी काय बोलायचे, असा त्यांचा सरळ सवाल होता. १६६२ साली त्यांच्याविरुद्ध कायदा झाला. स्वतः फॉक्सने राजनिष्ठेची शपथ नाकारली म्हणून १६६४ ते १६६६ या काळात तुरुंगवास भोगला. अखेर १६९६ मध्ये शपथेऐवजी गंभीरपणे कथन करण्याची मुभा त्यांना कायद्याने मिळाली. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन पर्याय ठेवलेले आहेत. क्वेकर दुकानदार घासाघीस टाळून मालाचा एकच भाव सांगत, त्याचेही मूळ याच निष्ठेत होते. आधी जास्त सांगून मग उतरणे म्हणजे पहिला शब्द खोटा ठरवणे, असे ते मानीत.

परंतु खरे बोलणे ही अर्धीच वाट झाली. समोरच्याला शत्रू न करता आणि सत्याला मुरडही न घालता बोलणे त्याहून कठीण. याचे उदाहरण म्हणून मला जॉन वुलमन या क्वेकर गृहस्थाचे नाव घ्यावेसे वाटते. १७२० साली अमेरिकेतील न्यू जर्सीत जन्मलेला हा माणूस माउंट हॉली या गावी एका दुकानात हिशेब लिहिण्यास होता. पुढे त्याने शिंपीकाम केले, लोकांचे दस्तऐवजही लिहून दिले. तरुणपणी एकदा मालकाने आपल्याकडील एक निग्रो स्त्री विकली आणि खरेदीखत लिहिण्यास त्याला सांगितले. घेणारा समोर वाट पाहत होता. वुलमनने खत लिहिले. पण गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते, हे त्या दोघांना तिथेच सांगितले. एवढ्याने त्याच्या मनाचे समाधान झाले नाही. बोलणे एक आणि लेखणी दुसरेच करते आहे, ही टोचणी राहिली. यानंतर तसे काम पुन्हा आले तेव्हा त्याने ते नाकारले.

पुढे मुकामार लागून अंथरुणाला खिळलेल्या एका शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहिण्यास सांगितले. त्यात एक तरुण गुलाम मुलगी कोणत्या अपत्याला द्यायची, याचाही उल्लेख करायचा होता. वुलमनने तेवढा भाग सोडून बाकीचे सारे लिहिले, रोग्याच्या उशाशी बसून वाचून दाखवले आणि स्नेहाने सांगितले की, माणसाला गुलाम करणारा कागद माझ्या मनाला यातना दिल्यावाचून माझ्या हातून लिहिला जात नाही. लिहिले त्याचा मोबदला मला नको, उरलेल्या भागातून मला मोकळे करा. मग दोघांचे गंभीर बोलणे झाले. अखेर त्या शेजाऱ्याने मुलीला मुक्त करण्याचे मान्य केले, तेव्हा वुलमनने मृत्युपत्र पुरे केले.

या प्रसंगात उपदेश किती थोडा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याने शेजाऱ्याला पापी म्हटले नाही आणि त्याच्या दुखण्याकडे पाठही फिरवली नाही. 'तुम्ही चुकता' असे म्हणण्याऐवजी 'मला हे करवत नाही' असे तो म्हणाला, आणि त्या म्हणण्याची किंमत म्हणून हक्काची मजुरी सोडली. शब्दाला आचरणाचे तारण होते, म्हणून तो पालथ्या घड्यावरचे पाणी ठरला नाही. पुढेही गुलाम बाळगणाऱ्या घरी पाहुणा म्हणून राहावे लागले, तर निघताना तो गुलामांच्या सेवेबद्दल पैसे देई. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या भेटी घेऊन त्यांचे मन वळवण्याचे ठरवले. त्या कामी तोही हिंडला. १७७२ साली इंग्लंडात यॉर्क येथे देवीच्या रोगाने त्याचे निधन झाले. त्यानंतर ४ वर्षांनी, १७७६ मध्ये, त्या सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची पूर्ण मनाई केली.

आपल्यापैकी बहुतेकांना कचेरीत, पेढीवर, घरी रोज काही ना काही लिहावे आणि बोलावे लागते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलेल्या ओळीलाही आपला हात लागलेला असतो, ही जाणीव वुलमनने जपली. याकोबाचा लगाम जीभ बांधून ठेवण्यासाठी नाही. घोडा बांधायला दावे पुरते. लगाम लागतो तो त्याला वाटेवरून नेण्यासाठी.